मेसोक्को दोन फळ्यांवर: बंद पडलेल्या स्विस स्टेशनवरून छोटा रेल्वे लेआउट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेल्या काही वर्षांत माझ्या मेसोक्को लेआउटबद्दल, म्हणजे फळ्यांवर मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेबद्दल, इतक्यांनी विचारलं, की तीच ती उत्तरं लिहून हात दुखायला लागला. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. पहिल्यापासून वाचत यायची गरज नाही.

१. हे मेसोक्को आहे कुठे? आणि एवढी स्टेशनं सोडून हेच का?

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन कॅन्टनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात), पण आल्प्सच्या दक्षिण उतारावर. मेसोल्चीना नावाचं हे खोरं इटालियन बोलतं आणि त्यातून मोएझा नदी बेलिन्झोनाच्या दिशेने उतरते. 1907 मध्ये बेलिन्झोना ते मेसोक्को अशी साधारण 31 किलोमीटरची मीटर गेज लाइन सुरू झाली. पुढे सान बर्नार्दिनो ओलांडून उत्तरेला थुसिसपर्यंत जायचा बेत होता. तो कागदावरच राहिला, आणि मेसोक्को कायमचं शेवटचं स्टेशन होऊन बसलं.

1942 मध्ये लाइन रेटियन रेल्वे या ग्राउब्युंडनमधल्या मोठ्या रेल्वे कंपनीकडे गेली. 1967 मध्ये सान बर्नार्दिनोचा रस्त्याचा बोगदा उघडला, 1972 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि 1978 च्या पुराने वरचा भाग संपवला. खालच्या टप्प्यात मालगाडी 2003 पर्यंत होती. याच लाइनवरच्या कास्तियोने ते कामा या गावांमधल्या तुकड्यावर हौशी मंडळींची पर्यटक गाडी 2013 पर्यंत धावली.

छोट्या लेआउटला जे हवं ते इथे आयतं मिळतं. शेवटचं स्टेशन असल्याने रूळ एकाच बाजूने येतो, दुसऱ्या टोकाला काही लपवावं लागत नाही. गाड्या आखूड. आणि बंद पडलेल्या स्टेशनात गर्दी नसते, त्यामुळे रिकामा फलाट पाहून कुणी ‘काम अर्धवट राहिलंय का?’ असं विचारत नाही.

२. माझ्याकडे टू बीएचके आहे. जागा किती लागेल, नेमकं सांगा.

लांबी 210 सेंटिमीटर, रुंदी 35. म्हणजे सात फुटांच्या आत. पुस्तकांच्या कपाटावर किंवा पलंगाच्या डोक्याशी बसतं. त्यातलं 150 सें.मी. दिसणारं स्टेशन, 75-75 च्या दोन फळ्यांवर. उरलेलं 60 सें.मी. लपवलेलं यार्ड (प्रश्न ७), तेही खेळायच्या वेळीच जोडायचं. एरवी दोन्ही फळ्या कपाटात उभ्या राहतात.

हिशोब 1:87 प्रमाणाचा आहे, म्हणजे सगळं खऱ्याच्या 87 पट लहान. मोटर कोच (स्वतःची मोटर असलेला, गाडी ओढणारा डबा) साधारण 20 सें.मी., प्रवासी डबा 19, चार चाकांची वाघीण (मालाचा डबा) 10. बफरच्या, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्याच्या, टोकाकडून मोजत या:

मोटर कोच सुटून उभा राहायला 24. पहिला पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) 17. लूपचा (दोन पॉइंटांमधल्या जोडरुळाचा) सरळ भाग 45. दुसरा पॉइंट 17. साइडिंगचा (वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळाचा) पॉइंट 17. बाहेर जाणारा रूळ 30. बेरीज 150.

फळ्यांचा सांधा 75 वर येतो, म्हणजे लूपच्या सरळ भागात. हे मुद्दाम केलंय. पॉइंटच्या मधोमध सांधा आला, तर दर वेळी लेआउट मांडताना शिव्या घालाल.

पॉइंटची लांबी कंपनीगणिक बदलते. 17 हा धरून चालायचा आकडा आहे. खरा पॉइंट हातात पडल्याशिवाय करवत उचलू नका.

३. स्केल कोणतं घेऊ? एन हे छोटं माप स्वस्त पडेल ना?

खऱ्या रुळांतलं अंतर 1000 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की साडेअकरा येतात, म्हणून 12 मि.मी. रुळावर 1:87, याला एचओ-एम म्हणतात. बेमो या जर्मन कंपनीचा रेटियन रेल्वेचा माल याच मापात आहे आणि रूळ, पॉइंट इतरांचेही मिळतात. मी हेच वापरतो. स्वस्त नाही. एका मोटर कोचच्या पैशात घरात बरा फ्रिज येईल, आणि घरच्यांना हा हिशोब तुमच्याआधी सुचेल.

काटो या जपानी कंपनीच्या रेटियन गाड्या 1:150 मापात आणि 9 मि.मी.च्या, म्हणजे एनच्या, रुळावर असतात. काटेकोर पाहिलं तर रूळ पावणेसात मि.मी. हवा, म्हणजे तो जरा फताडा दिसतो. पण गाड्या मऊ चालतात आणि वरचे 150 सें.मी. तिथे 87 वर येतात. जागा खरोखरच नसेल तर बिनधास्त घ्या. एक धोका मात्र आहे. काटोचा भर लांबलचक एक्सप्रेस गाड्यांवर. एकदा ती लाल रांग घरात आली, की तुमचं छोटं स्टेशन वर्षभरात गोल चक्कर होतं. (ती लाल ग्लेशियर एक्सप्रेस इथे का शोभत नाही, ते प्रश्न १३ मध्ये.)

एलजीबी या मोठ्या, बागेतल्या गाड्यांच्या मापात, म्हणजे 1:22.5 मध्ये, हाच आराखडा 580 सें.मी. होतो. बंगला असेल तर कळवा, पाहायला येतो.

४. डोंगरातली स्विस रेल्वे म्हणजे चढावर इंजिनाचं दातेरी चाक अडकायला मधोमध दातेरी रूळ लागेल ना? आणि वाफेचं इंजिन?

दोन्ही नाही. लाइनचा सर्वांत तीव्र चढ हजारी 60 (हजार मीटरला 60 मीटर) होता, पण तो साध्या चाकांच्या पकडीवरच चढायचा. आणि लाइन पहिल्या दिवसापासून विजेची, 1500 व्होल्ट डीसी. दातेरी रूळ आणि धूर हेच हवं असेल, तर स्वित्झर्लंडमधल्याच फुर्का घाटाच्या जुन्या मार्गावरचं ग्लेच स्टेशन पाहा. तेही घाटाखालच्या नव्या बोगद्यामुळे 1981 मध्ये ओसाड पडलं होतं, पण हौशी लोकांनी 2000 मध्ये तिथे पुन्हा गाडी नेली. तो सगळा वेगळाच खेळ आहे.

५. कोणतं साल दाखवू? इतका फरक पडतो का?

साल ठरलं की अर्धा लेआउट ठरला. लोक आधी इंजिन विकत घेतात, मग स्टेशन शोधतात, मग साल. मी उलटं सांगेन.

1950 च्या आसपासचं घेतलं तर फलाटावर माणसं, सामान, दुधाचे कॅन, सगळं जिवंत दाखवावं लागतं. 1985 घेतलं तर गाडीच नाही. माझं साल 1975. प्रवासी गाड्या जाऊन तीन वर्षं झाली आहेत, मालगाडी अजून येते, पूर यायला तीन वर्षं आहेत.

या सालात दीड मीटरवर काय दिसतं पाहा. फलाट आहे, पण त्याच्या कडेला गवत. बाक आहे, कुणी बसलेलं नाही. वेळापत्रकाच्या फळीत फक्त कागदाच्या चौकोनाचा फिकट डाग. मुख्य रूळ घासून चकचकीत, लूपचा दुसरा रूळ तांबूस, आणि बफरजवळच्या शेवटच्या वीतभर रुळावर गंज इतका जुना की तो तपकिरी झालाय. अंगणात बस उभी, कारण माणसं आता तिनेच जातात. मालाच्या शेडचं दार मात्र सताड उघडं.

रुळांच्या या तीन रंगांवर मी दोन रविवार घालवले. पाहणारा काही न विचारता ओळखतो की गाडी कुठवर येते आणि कुठे येणं थांबलंय. एवढं साधलं तर बाकी सजावट कमी पडली तरी चालतं.

६. तीनच पॉइंट? कंटाळा नाही येणार?

मलाही ही भीती होती. मालगाडी आली, मोटर कोच सुटून पुढे गेला, लूपमधून वळसा घालून मागे आला, दोन वाघिणी साइडिंगला ढकलल्या, रिकामी एक ओढून काढली: एवढ्याला माझी वीस मिनिटं सहज जातात. खऱ्या शंटिंगचा, म्हणजे डबे असे हलवून लावण्याचा, ताशी 20 किलोमीटरचा वेग 1:87 मध्ये सेकंदाला सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर होतो. म्हणजे हे दीड मीटर पार करायला तेवीस-चोवीस सेकंद. बहुतेक जण याच्या तिप्पट वेगाने गाडी हाकतात आणि मग लेआउट लहान पडला म्हणतात.

डोक्याला खुराक हवा असेल तर अ‍ॅलन राइट या ब्रिटिश हौशी माणसाचं ‘इंगलनुक’ कोडं साइडिंगवर बसवा. मूळ कोड्यात आठ वाघिणींतून पाच निवडून ठरल्या क्रमाने लावायच्या असतात. असे क्रम 6720 होतात. आपल्या जागेत पाचातून तीन जमतात, त्याचे 60. चिठ्ठ्या काढायच्या आणि लागायचं कामाला.

एक अडचण आधीच सांगतो. साइडिंगच्या पॉइंटच्या बाहेर रूळ 30 सें.मी. आहे. त्यात मोटर कोच आणि एकच वाघीण मावते. दोन वाघिणी घेऊन मागे यायचं तर लपवलेलं यार्ड जोडलेलं हवं.

७. लपवलेलं यार्ड म्हणजे काय? त्यात परत पॉइंट आले का?

नाही, म्हणूनच ते स्वस्त. 60 सें.मी. लांबीच्या प्लायच्या पट्ट्या कापा. हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमचे बारीक अँगल आणा आणि प्रत्येक पट्टीवर दोन चिकटवा, आतल्या कडांत 12 मि.मी. अंतर ठेवून. अँगल हाच रूळ आणि हीच वायर. गाडी पट्टीवर आली की पट्टी उचलायची, दुसरी ठेवायची. मोटर कोच, एक डबा आणि एक वाघीण मिळून 49 सें.मी. होतात, आरामात बसतात. दोन्ही टोकांना एकेक खिळा ठोका, नाहीतर फ्रिजएवढ्या पैशांचा ऐवज फरशीवर पडेल. चिकटवताना अंतर मोजायला फूटपट्टी नको, मोटर कोचच रुळावर ठेवून पाहा.

८. तिथे न जाता स्टेशनची मापं कशी मिळवायची?

स्विस सरकारच्या स्विसटोपो या नकाशा खात्याच्या संकेतस्थळावर जुने नकाशे सालवार पाहता येतात. तीच जागा 1910 ची, 1950 ची, आजची. झ्युरिकच्या ईटीएच ग्रंथालयाचा छायाचित्र-संग्रहही खुला आहे आणि त्यात जुनी हवाई छायाचित्रं भरपूर आहेत. शिवाय जुनी पोस्टकार्डं.

फोटोत माप काढायचं तर दार शोधा. दार दोन मीटरचं धरलं तर 1:87 मध्ये 23 मि.मी. मग खिडक्या, मजला, छपराची कड, सगळं दाराच्या पटीत मोजत जा. मी हे प्रिंटआउटवर कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन करतो. मग पुठ्ठ्याची इमारत करून आठवडाभर फळीवर नुसती ठेवतो. बहुतेक वेळा ती मोठी वाटते. मग रुंदीतली एक खिडकी कमी करायची, उंची मात्र सोडायची नाही. उंचीला हात लावला की घर बाहुल्यांचं वाटू लागतं.

माझा आराखडा मेसोक्कोची हुबेहूब नक्कल नाही, हे कबूल. रुळांची मांडणी माझी आहे, हवा तिथली.

९. हजारी 60 चा चढ दाखवू का? दिसायला भारी वाटेल.

हजारी 60 म्हणजे मीटरला 6 सें.मी. बाहेर जाणाऱ्या 30 सें.मी. मध्ये 1.8 सें.मी. उतार येईल. दिसेलही छान. पण शंटिंग करताना सुटी वाघीण त्या उतारावरून यार्डाच्या पट्टीवर (प्रश्न ७) आणि तिथून जमिनीवर जाईल. मी रूळ सपाट ठेवला आणि शेजारचा रस्ता व दगडी बांध उताराचे केले. डोळा फसतो आणि वाघीण जागेवर राहते.

१०. मेसोक्कोचा किल्ला, दगडी चर्च, धबधबा, गाई... कुठे बसवू?

कुठेच नाही. हे वाचून बरेच जण नाराज होतात.

किल्ला फार देखणा आहे, मान्य. 1526 मध्ये पाडलेल्या त्या अवशेषांसमोर मीही लोळण घेतली असती. पण 35 सें.मी. रुंदीत किल्ला ठेवला, की तो मत्स्यालयातल्या खेळण्यासारखा दिसतो. फारच जीव अडकला असेल तर मागच्या पडद्यावर फिकट निळसर रंगात रंगवा, अंगठ्याच्या नखाएवढा.

त्याऐवजी जमीन करा. हे इटालियन बोलणारं खोरं आहे, तेव्हा छपरं करड्या दगडी फरश्यांची, भिंती दगडी. लाकडी शॅलेचं (आल्प्समधल्या लाकडी घराचं) तयार किट इथे उपरं वाटतं. खालच्या उतारावर चेस्टनट, वर लार्च आणि स्प्रूस. पाटी इटालियन. आणि फळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळा सोडा: खडीचं अंगण, थोडं गवत, उभी बस. ती रिकामी जागा भरायला हात शिवशिवतील. मी त्या भागावर महिनाभर वर्तमानपत्र झाकून ठेवलं होतं, मोह नको म्हणून.

११. ओव्हरहेड वायर खरंच लागते?

विजेची लाइन आहे, म्हणून खांब तरी हवेतच. वायर 5.5 मीटर उंचीवर धरली तर मॉडेलमध्ये 63 मि.मी. तिच्यातून वीज नेऊ नका, रुळांतूनच द्या. पँटोग्राफ (छतावरचा, वायरला टेकणारा सांगाडा) बारीक दोऱ्याने बांधून वायरच्या एक मि.मी. खाली ठेवा. फळ्यांच्या सांध्यावर वायर तोडावी लागते, तिथे एक खांब येईल असं आधीच आखा. साफसफाई करताना बोट वायरमध्ये अडकतं. चार वेळा जोडल्यावर मी लूपवरची वायर काढून टाकली आणि खांबच ठेवले. आता लोक म्हणतात, ‘वा, लाइन मोडीत काढायला सुरुवात झालेली दाखवलीत!’ मी हो म्हणतो.

१२. आपल्या पावसाळ्यात हे टिकतं का?

माझी पहिली फळी टिकली नाही. साधा प्लाय, वरून छान रंगवलेला, खालून कोरा. जुलैच्या अखेरीस तिला मधोमध इतका फुगवटा आला की लूपवर उभा डबा आपणहून बफरकडे चालू लागला. मुलीला वाटलं गाडी सुरू झाली.

तेव्हापासून मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), 9 मि.मी. चा. त्याच्याच पट्ट्या उभ्या लावून सांगाडा, आणि खालून, वरून, कडांना, प्रत्येक भोकाच्या आतसुद्धा रंगाचा किंवा वॉर्निशचा हात. रूळ उन्हाने वाढतात असं जो तो सांगतो, पण दीड मीटर रूळ 20 अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटरच वाढतो. त्रास देतं ते लाकूड. रुळांच्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली की पुरतं.

झुरळं आणि कसर कागदी इमारती खातात, म्हणून लोक पेटीत डांबरगोळ्या टाकतात. नॅफ्थलिनच्या गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन प्लास्टिक मऊ पडतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, एवढं बास.

१३. रेटियन रेल्वेचीच लाइन होती, मग ग्लेशियर एक्सप्रेसचं लाल इंजिन आणलं तर काय बिघडलं?

घरात तुमचं राज्य. पण खरं विचाराल तर ते इंजिन इथे एक इंचही हललं नसतं. रेटियनच्या मुख्य जाळ्यावर 11,000 व्होल्ट एसी, तिच्याच बर्निना मार्गावर 1000 व्होल्ट डीसी, आणि मेसोल्चीनावर 1500 व्होल्ट डीसी. शिवाय ही लाइन बाकी जाळ्याला रुळांनी जोडलेलीच नव्हती. थुसिसचा बेत कागदावर राहिला (प्रश्न १), त्यामुळे ती शेवटपर्यंत बेटासारखी एकटी. म्हणून इथे मोटर कोच.

१४. डीसीसी (एकाच रुळावर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवणारं डिजिटल नियंत्रण) की साधा कंट्रोलर?

एका वेळी एकच गाडी हलते. साधा कंट्रोलर घ्या, पण चांगल्यातला, हळू चालवू शकणारा. वाचलेल्या पैशांत तिसरा पॉइंट येतो.

१५. मला पूर्ण उजाड स्टेशनच दाखवायचंय, रूळ उखडलेलं. मग गाडी कशी चालवू?

दोन वाटा आहेत. एक, फक्त देखावा करा, लांबी 60 सें.मी. ठेवा आणि चालवण्याचा हट्ट सोडा. बर्चची आणि हेझलची रोपं खडीतून वर आलेली, स्लीपरांचे ठसे, फलाटाची कड तेवढी शाबूत. हे सोपं वाटतं, पण गंजाच्या छटा जमेपर्यंत दम निघतो.

दुसरी वाट, कामा गावासारखं (प्रश्न १) मधलं स्टेशन घ्या. 1978 नंतर कामा स्टेशनच्या खालच्या अंगाला गाडी येत होती, वरच्या अंगाला लाइन मेलेली. एका फळीवर चालता रूळ, बफर, आणि त्या बफरच्या पलीकडे तोच रूळ झुडपांत गेलेला. प्रश्न २ मधली लांबी जवळपास तशीच वापरता येते. फक्त बफरच्या टोकाला 30 सें.मी. वाढवा.

१६. मीटर गेज तर आपल्याकडेही होतं. हाच रूळ वापरून भारतीय स्टेशन करता येईल का?

येईल, आणि हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो. मीटर गेज इथलंही 1000 मि.मी. च, तेव्हा 12 मि.मी. चा रूळ 1:87 मध्ये तसाच चालतो. निलगिरीची दातेरी रुळावरची इंजिनंसुद्धा मुळात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनली होती, म्हणजे नातं जुनंच आहे. (माथेरान मात्र दोन फुटी. त्याला हा रूळ चालणार नाही.)

आपल्या राज्यातलंच हवं असेल तर अकोला–खंडवा. मेळघाटातून जाणारी ही मीटर गेज लाइन 2017 मध्ये गेज बदलासाठी बंद झाली. धूळघाटला तर रूळ स्वतःभोवती गोल वेढा घालून चढायचे. तो वेढा दोन फळ्यांवर मावणार नाही, त्याच्या नादी लागू नका, पण घाटाखालचं एखादं छोटं स्टेशन नक्की मावेल. अडचण गाड्यांची. तयार मॉडेल मिळणं कठीण, डबे स्वतः करावे लागतील. आधी एक वाघीण करून पाहा, चार चाकांची, दहा सेंटिमीटरची. ती सरळ रुळावर न घसरता चालली, की मग मला फोटो पाठवा.